गावभर वाटलेली झोप

अकोल्यात त्या काळी कोणतीही सभा असो, पहिल्या रांगेतली उजवीकडची शेवटची खुर्ची तेजरावजींची असे. खुर्चीला हात नसावेत आणि ती सागवानी असावी, एवढीच त्यांची अट. दीपप्रज्वलन झालं की ते डोळे मिटत आणि आभारप्रदर्शनाच्या टाळ्या वाजल्या की उघडत. मधल्या वेळात वक्ता गीतेवर बोलला काय आणि गव्हावरच्या तांबेऱ्यावर बोलला काय, त्यांना सगळं सारखंच. व्याख्यानमाला, शाळेचं बक्षीस वितरण, बुद्धजयंतीची सभा, उरुसातली कव्वाली, नगरपालिकेची बैठक, कोर्टातली अनोळखी माणसांची साक्ष, सगळीकडे ते वेळेच्या आधी हजर असत आणि सगळीकडे सारख्याच निष्ठेनं झोपत. एखाद्या वक्त्याला ते झोंबे. तो मध्येच थांबून म्हणे, "पहिल्या रांगेतले पाहुणे फार दमलेले दिसतात." मग शेजारचा माणूस कोपर मारी आणि तेजरावजी डोळे न उघडता, पण मोठ्या आदरानं म्हणत, "बोला, आयकून राहिलो मी."

हे वाक्य गावात इतकं रुळलं होतं की माझ्या वर्गातल्या पोरांनाही ते पाठ होतं. मी हायस्कुलात गणित शिकवत असे. मागच्या बाकावर एखादा पेंगताना सापडला की शेजारचा त्याच्या वतीनं उत्तर देई आणि वर्ग हसून घेई.

तेजरावजी प्रचंड होते. आमच्या वऱ्हाडात अशा माणसाला कुणी जाडा म्हणत नाही, 'तब्येतीनं आहेत' म्हणतात, आणि त्यात कौतुकाचाच सूर असतो. टांगेवाले त्यांना मागे बसू देत नसत. "तुमी मांगं बसले की माह्या घोड्याचे पाय जमिनीले लागत नाई जी," असं म्हणून त्यांना पुढे आपल्या शेजारी घेत. मान अशी त्यांना नव्हतीच. हनुवटी संपली की लगेच सदरा सुरू होई.

तरुणपणी त्यांनी बैलांची दलाली केली. चांदूर बाजारच्या बैलबाजारात त्यांचा दरारा होता. तिथे भाव तोंडानं बोलत नाहीत. दलाल आणि गिऱ्हाईक दुपट्ट्याखाली हातात हात घालतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात. तेजरावजी गिऱ्हाइकाची बोटं मुठीत धरत आणि डोळे मिटून गप्प बसत. गिऱ्हाईक एक भाव दाबी. उत्तर नाही. थोडा वाढवून दाबी. तरी उत्तर नाही. असा निगरगट्ट दलाल पाहून तो हबकून जाई आणि स्वतःच चढत जाई. तेजरावजी दुपट्ट्याखाली बोटं धरून गाढ झोपलेले असत, हे बाजाराच्या कलकलाटात कित्येक वर्षं कुणाच्या ध्यानात आलं नाही. पुढे एकदा ते भाव ठरता ठरता गिऱ्हाइकाच्या अंगावरच कलंडले. तो बिचारा वरूडकडचा किरकोळ अंगाचा माणूस, त्याला बाहेर काढायला चौघे लागले. त्या दिवशी तेजरावजींनी धंदा सोडला. शेत बटईनं, म्हणजे पिकातल्या वाट्यावर कसायला दिलेलं होतं, खायला कमी नव्हतं.

आम्ही जुन्या शहरात त्यांच्या शेजारच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या तेव्हा ते एकटेच राहत होते. बायको जाऊन तीनेक वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी, कुसुम, अमरावतीला दिली होती. आमच्या आणि त्यांच्या घरात एक सामाईक भिंत होती. रात्री त्या भिंतीपलीकडून अडकित्त्याचा आवाज येई. कट, कट, कट. रात्री केव्हाही जाग आली तरी हा माणूस सुपारी कातरतोच आहे. सकाळी ते कातरलेल्या सुपारीच्या पुड्या गल्लीत घरोघर वाटत. आमच्या गल्लीत त्या वर्षांत कुणी सुपारी विकत आणल्याचं मला आठवत नाही. दुपारी बघावं तर ते न्हाव्याच्या दुकानातल्या बाकावर, नाही तर पिठाच्या गिरणीच्या पायरीवर झोपलेले. घराचं दार लावून झोपलेले मी त्यांना कधी पाहिले नाहीत. विक्षिप्त माणूस, असं म्हणून मी सोडून दिलं.

सोडून दिलं म्हटलं खरं, पण माझा स्वभाव सोडून देण्याचा नाही. कुलूप नीट लागलं की नाही हे पाहायला मी नदीच्या पुलावरून परत येणारा माणूस. पोराला शिंक आली की मी न्यूमोनियापर्यंत जाऊन पोचतो. "तुमाले काळजी कराचा पगार भेटते काय जी?" असं माझी बायको सिंधू विचारते. तेजरावजींची काळजी माझ्या मागे लागली ती एका शोकसभेत.

गावातले एक जुने वकील वारले होते. टाऊन हॉल भरलेला. मी नेमका तेजरावजींच्या शेजारी. भाषणं झाली आणि दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायची सूचना आली. सगळे उठले. तेजरावजी बसलेलेच, आणि झोपलेले. त्या शांततेत त्यांचं घोरणं हॉलच्या कौलांपर्यंत घुमू लागलं. वकीलसाहेबांचे थोरले चिरंजीव माझ्याकडे असे बघत होते, जणू मीच घोरत होतो. आणि मग घोरणं एकदम थांबलं.

सगळ्यांना हायसं वाटलं. मला घाम फुटला. कारण मी जवळून बघत होतो. त्यांची छाती हलत होती, पोट ओढल्यासारखं आत जात होतं, पण नाकातोंडातून वारा म्हणून नव्हता. ओठांचा रंग जांभळाकडे झुकला. मी वाट पाहिली. आता घेतील, आता घेतील. हॉलमधले सगळे लोक मेलेल्या माणसासाठी माना खाली घालून उभे आणि माझ्या शेजारी जिवंत माणूस गुदमरतोय. मी शोकसभेची लाज सोडली आणि दोन्ही हातांनी त्यांना गदागदा हलवलं. बुडालेला माणूस वर यावा तसा त्यांनी मोठ्यानं श्वास ओढला आणि त्या भयाण शांततेत खणखणीत आवाजात म्हणाले, "बोला, आयकून राहिलो मी."

पुढे पंधरा दिवस लोक हसत होते. मला हसू येईना.

त्यांना डॉक्टरकडे न्यायला मी जंग जंग पछाडलं. "मले काय झालं सर? भूक लागते, जेवतो. झोप लागते, झोपतो." एवढ्यावर विषय संपे. शेवटी त्यांनी विचारलं, "दवाखान्यात गर्दी असते काय?" मी म्हटलं, फार असते, दोन-दोन तास बसावं लागतं. "मंग चाला," ते म्हणाले.

दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या ते झोपले, हे सांगायला नको. आमचे डॉक्टर म्हणजे वाळक्या अंगाचे, कमी बोलणारे गृहस्थ. घोरण्याच्या आवाजानं ते बाहेर आले. मी कोपर उचललं, तर त्यांनी हातानं मला थांबवलं आणि समोर उभे राहून बघत राहिले. घोरणं थांबलं, छाती धडपडली, मग घुसमटून श्वास आला, पुन्हा घोरणं. असं बरेचदा झालं. डॉक्टरांनी नुसतीच मान हलवली. मला ते मान हलवणं मुळीच आवडलं नाही.

त्यांनी सांगितलं ते असं. माणूस झोपला की गळ्याचे स्नायू सैलावतात. याच्या गळ्याभोवती इतकं मांस आहे की उताणं झोपल्यावर वाट बुजते. मेंदू घाबरून याला अर्धवट जागं करतो, वाट मोकळी होते, पुन्हा झोपला की पुन्हा बुजते. म्हणून हा रात्रभर झोपला तरी झोपलेला नसतो आणि दिवसभर पेंगतो. परदेशातल्या डॉक्टरांचं आता कुठे इकडे लक्ष जायला लागलंय. औषध नाही. वजन उतरवा.

वजन किती ते तरी कळायला हवं होतं. दवाखान्यातल्या काट्यावर ते उभे राहिले तर काटा शेवटच्या आकड्याला टेकून थरथरत राहिला. तेव्हा आम्ही कापूस बाजारात गेलो. तिथे गाठी तोलायचा मोठा काटा होता. नुकतीच किलोची मापं आली होती. तेजरावजी म्हणाले, "किलोत नोको. किलोत आकडा फुगते. मणात तोला." मापाऱ्यानं वजन पुकारलं आणि हमाल हातातलं काम टाकून गोळा झाले. पण तेजरावजी जन्माचे दलाल. "कडता काढा," ते म्हणाले. कापसातली ओल आणि बारदानाचं वजन यांच्यापोटी जी सूट धरतात तिला बाजारात कडता म्हणतात. धोतर-सदऱ्याचा कडता मापाऱ्यानं काढला. सकाळच्या जेवणाचा काढला. "अन् ओल?" तेजरावजींनी विचारलं. "ओल किती धरू जी?" "भरपूर धरा. उनाचा चालत आलो, घामानं थबथबलो हाओ." असं करत करत त्यांनी स्वतःला बरंच हलकं करून घेतलं आणि तेवढंच वजन डॉक्टरांना सांगायचं, असं मला बजावलं.

लघवी तपासली. निळं औषधी पाणी आणि लघवीचे थेंब काचेच्या नळीत घालून दिव्यावर तापवलं, तर ते हिरवं नाही, पिवळं नाही, थेट विटेच्या रंगाचं झालं. "साखर आहे," डॉक्टर म्हणाले. "घरचीच हाय, कोनाची चोरली नाई," तेजरावजी म्हणाले. डॉक्टर हसले नाहीत. भात, गूळ, साखर, तेलाची तर्री, सगळं बंद. ज्वारीची भाकर, तीही मोजकी, आणि पालेभाजी. रोज नदीपर्यंत पायी. झोपेच्या गोळ्या कुणी दिल्या तरी घ्यायच्या नाहीत, त्यानं गळा आणखी सैलावतो. उताणं झोपायचं नाही. बंडीच्या पाठीला सरकीची पिशवी शिवून घ्यायची, म्हणजे उताणं होताच टोचेल आणि माणूस कुशीवर वळेल. "आणि मुख्य म्हणजे," डॉक्टर म्हणाले, "रात्री शेजारी माणूस हवा. श्वास अडला की हलवायला. रात्री तुमच्याजवळ कोण असतं?"

तेजरावजींनी उपरण्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "देव असते," ते म्हणाले आणि उठले.

पथ्य त्यांनी पाळलं, पण दलालाच्या पद्धतीनं. डॉक्टरांनी ज्या पदार्थाचं नाव घेतलं नव्हतं तो पदार्थ खायला मोकळा, असा त्यांनी अर्थ लावला. महादेवाच्या देवळात रोडग्याचं जेवण होतं तेव्हा मी त्यांना तिसऱ्या रोडग्यावर पकडलं. तुपात बुडालेला रोडगा हातात धरून ते शांतपणे म्हणाले, "ही भाजलेली कनीक हाय सर. डाक्तरनं कनकेचं नाव घेतलं होतं काय?" सरकीची पिशवी मात्र त्यांनी शिंप्याकडून शिवून घेतली. सभेत ती खुर्चीच्या पाठीला टेके आणि ते जरा पुढे झुकून झोपत. श्वास मात्र तसाही अडायचा तो अडेच.

आणि मी त्यांच्या शेजारी बसू लागलो. ज्या माणसानं जन्मात एक व्याख्यान धड ऐकलं नाही तो मी संध्याकाळी शाळेतून सुटलो की सभा शोधत हिंडू लागलो. सगळं लक्ष त्या घोरण्याकडे. ते चालू असलं की जिवात जीव, थांबलं की माझं कोपर तयार. माझंच वजन उतरलं. सिंधू म्हणाली, "पथ्य त्याइले सांगतलं अन् वाळून तुमी राहिले."

मग उन्हाळा आला. अकोल्याचा उन्हाळा ज्यानं काढला नाही त्याला सांगून कळायचं नाही. व्याख्यानमाला संपल्या. शाळांना सुट्या लागल्या. कोर्ट सकाळचं झालं आणि दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसेना. न्हाव्यानं दुपारी दुकान बंद ठेवायला सुरुवात केली. काही दिवस लग्नसराईवर निभलं. तेजरावजी बोलावलेल्या आणि न बोलावलेल्या सगळ्या मांडवांत जाऊन बसत. मग मुहूर्त संपले. गावात माणसं जमतील अशी एकही जागा उरली नाही आणि तेजरावजींची झोपच बंद झाली.

तोवर माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता. मी एवढंच पाहत होतो की त्यांचे डोळे लाल झालेत, बोलता बोलता शब्द सुटतात, भिंतीपलीकडे आता दिवसाही अडकित्ता वाजतो. एकदा अडकित्त्यात सुपारीऐवजी बोटच सापडलं. शेवटी एका सकाळी ते ओट्यावर उभ्या उभ्या झोपले आणि खाली कोसळले. कपाळाला खोक पडली. आम्ही आठ जणांनी त्यांना आत नेलं. शुद्धीवर येताच त्यांनी पहिली गोष्ट सांगितली ती ही, की कुसुमला कळवू नका.

मी त्याच दुपारच्या बसनं अमरावतीला गेलो.

कुसुमचे यजमान संत्र्यांच्या व्यापारात होते, निम्मा वेळ वरूडला असत. घरी कुसुम आणि तिची सासू, गंगाबाई. मी सगळं सांगत होतो तेव्हा गंगाबाई दाराआड, डोक्यावर पदर घेऊन बसल्या होत्या. कुसुम डोळे पुसत होती. "कितीदा म्हतलं, माह्याकडं राहाले या. लेकीच्या घरी बाप राहत नसते म्हन्तात. येतात, पानीबी पेत नाई, सांजच्या बसनं वापस जातात." आतून गंगाबाईंनी एकच प्रश्न विचारला. "श्वास अडल्यावर तो आवाज कसा येते मास्तर?" मी तो आवाज काढून दाखवला. परक्या घरात, परक्या बाईपुढे घोरून आणि गुदमरून दाखवायचा माझा तो पहिलाच प्रसंग. त्यांनी तो दोनदा काढायला लावला.

दुसऱ्या दिवशी कुसुमला घेऊन मी परतलो. तेजरावजी कपाळाला पट्टी बांधून ओट्यावर बसले होते. मुलीला पाहून त्यांनी माझ्याकडे जो कटाक्ष टाकला तो मी आयुष्यभर विसरणार नाही.

"बाबा, रातीले झोपत काऊन नाई तुमी?" कुसुमनं विचारलं.

"दिवसा झोपतो ना. साऱ्या गावाले मालूम हाय."

"माह्या घरी चाला."

"लेकीच्या घरी बाप राहते काय?"

मी चिडलो. काळजीखोर माणूस चिडतो तेव्हा फार वाईट चिडतो. मी म्हटलं, "रीतरिवाज गेला खड्ड्यात. एखाद्या रात्री डोळा लागेल आणि हलवायला कुणी नसेल. मग सकाळी दार कुणी तोडायचं? मी?"

मग ते मुलीकडे न बघता माझ्याशी बोलू लागले.

"सर, लोक म्हन्तात तेजराव सभेत झोपाले जाते. झोपालेच जातो मी. तठी माणसं जागीच असतात. आज यानं कोपर मारलं, उद्या त्यानं मारलं. कोनाची झोप नाई मोडत. घरात झोपलो का एकाच माणसाची मोडते." त्यांनी कुसुमकडे बोट केलं. "हिच्या मायची मोडली. लगन होऊन आली तवापासून. रातभर माह्या छातीवर हात ठिवून पडे. श्वास अटकला का ढकले. मले तं मालूमच नव्हतं. मी म्हनो, तू काऊन इतली वाळली? थे सांगेच ना. दिवसा वावरात खपे अन् रातीले माह्यावर जागल करे."

जागल म्हणजे पिकाची राखण. ज्वारी निसवली की आमच्याकडे शेतकरी रात्रभर मचाणावर जागतो, डुकरं येऊ नयेत म्हणून.

"साधा ताप आल्ता तिले," ते म्हणाले. "डाक्तर म्हने, आंगात काई उरलंच नाई. उरंल कसं? सारी झोप मी खाल्ली तिची. जाता जाता म्हने, आता तुमाले ढकलंल कोन. तवा समजलं मले. मंग मी इचार केला, आपला भार एकावर टाकाचा नाई. साऱ्या गावावर थोडा थोडा वाटून द्याचा. आता पोरीले बसवू जागलीवर?"

कुसुम रडत नव्हती. मला वाटलं होतं रडेल. ती उठली आणि बापाच्या समोर येऊन उभी राहिली.

"मले नोका बसवू," ती म्हणाली. "माह्या सासूले झोप नाई येत. मामंजी गेल्यापासून रातभर टक्क जागी असते. पहाटलोक कूस बदलत राह्यते. तिनंच पाठवलं मले. म्हने, तुह्या बापाले घेऊन ये, माही रात तरी कामी येईन."

तेजरावजींचा चेहरा इतका लाल झालेला मी कधी पाहिला नव्हता. "इहीनबाईपुढं घोरू मी?"

"अख्ख्या अकोल्यापुढं घोरता तुमी," मी म्हटलं.

"अकोला काय माही इहीन हाय?"

दोन दिवस हा वाद चालला. व्याह्या-विहिणीनं एकमेकांपुढे मोठ्यानं बोलायचं नाही अशी आमच्याकडची रीत, तिथे घोरायचं कसं, हा प्रश्न त्यांना जिवापेक्षा मोठा वाटत होता. शेवटी तिसऱ्या दिवशी ते बोलता बोलता पुन्हा झोपले, पुन्हा निळे पडले, आणि या वेळी त्यांना हलवणारा हात कुसुमचा होता. डोळे उघडताच त्यांनी आधी तो हात पाहिला. गुपचूप उठले, धोतरं पिशवीत भरली आणि बसमध्ये जाऊन बसले.

मी दिवाळीच्या सुटीत अमरावतीला गेलो. धास्ती होतीच. दारात शिरताना आतून रडण्याचा आवाज तर येत नाही ना, म्हणून मी क्षणभर थांबलो. आत तेजरावजी निवडलेल्या मेथीसमोर बसले होते. निम्मे झाले नव्हते, पण मान दिसत होती. ती मी प्रथमच पाहत होतो. गंगाबाईंच्या स्वयंपाकघरात दलाली चालत नव्हती. त्या वाढतील तेवढीच भाकर, आणि विहिणीकडे पुन्हा कसं मागणार? जे डॉक्टरला साधलं नाही ते भिडेनं साधलं. निळं पाणी तापवलं तर आता हिरवं होतं, असं त्यांनी मला अभिमानानं सांगितलं.

झोपायची व्यवस्था त्यांनी दाखवली. त्यांची बाज बाहेरच्या खोलीत, भिंतीला लागून. भिंतीला गजांची छोटी खिडकी, पलीकडे गंगाबाईंचं अंथरूण. खिडकीत एक लांब वेळूची काठी, टोकाला चिंध्यांचा बोळा बांधलेली. घोरणं थांबलं की काठी खिडकीतून येई आणि खांद्यात ढोसे. तोंड बघायचं नाही, बोलायचं नाही. रीत शाबूत आणि श्वासही शाबूत. "पैले आठ दिवस लाजेनं मेलो," तेजरावजी म्हणाले. "मंग झोप लागली. इतक्या वर्सांनं आंग टेकून झोप लागली सर."

गंगाबाई अंगणात ज्वारी पाखडत होत्या. त्यांच्याकडे एकदा नजर टाकून तेजरावजींनी मला जवळ ओढलं आणि आवाज अगदी खाली आणला.

"कोनाले सांगू नोका. परवाच्या राती काठी आलीच नाई. मी आपलाच घुसमटून उठलो. छाती धाडधाड उडे. मले वाटलं, बुढी गेली. खिडकीपाशी कान लावला तं झोपली होती. लेकरावानी. मामंजी गेल्यापासून झोपली नव्हती म्हने ना कुसुम, थे झोपली होती."

"मग तुम्ही काय केलं? हाक मारली?"

"कायले मारू? भिंतीले टेकून बसून राह्यलो. झोपलो असतो तं घोरलो असतो, अन् मंग उठली असती थे. पहाटलोक बसलो. कोंबडा आरडला तसा आडवा झालो अन् डोये मिटून घेतले."

अंगणातलं सूप थांबलं होतं. त्यांनी आवाज आणखी खाली घेतला.

"सकायी लय घाबरली होती. कुसुमच्या हाती इचारून पाठवलं, रातीले काठी मारली होती ना मी? मी म्हतलं, मारली म्हना. दोन खेपा मारली. खांदा दुखून राह्यला म्हना माहा."